मोटरसायकलची हौस आणि पन्नाशीनंतरची प्रकृती

"डॉक्टर, या वयात मोटरसायकल चालवली तर काही बिघडेल का?" हा प्रश्न दवाखान्यात अलीकडे वरचेवर कानावर येतो. विचारणारे गृहस्थ बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात. मुले शिकून पुण्या-मुंबईला गेलेली, घराचे हप्ते संपत आलेले, हाताशी थोडा पैसा आणि थोडा वेळ. तरुणपणी जी गाडी परवडली नाही ती आता घ्यावी असे वाटू लागते. शेजारच्या खुर्चीवर वहिनी बसलेल्या असतात. डॉक्टरांनी स्पष्ट नकार द्यावा ही त्यांची अपेक्षा चेहऱ्यावरून वाचता येते.

मी सहसा नकार देत नाही आणि परवानगीही लगेच देत नाही. गेली काही वर्षे मी स्वतः साताऱ्यातल्या मोटरसायकलप्रेमींच्या एका गटाबरोबर रविवारी सकाळी बाहेर पडतो. सोमवार ते शनिवार मोटरसायकलवरून पडलेल्यांच्या जखमा धुतो आणि टाके घालतो. त्यामुळे या वाहनाचे गुण आणि अवगुण दोन्ही जवळून पाहायला मिळाले. आजच्या लेखात दोन्हींविषयी लिहायचे आहे.

गरजेकडून हौसेकडे

आमच्या पिढीने दुचाकी पाहिली ती गरजेची वस्तू म्हणून. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडे जुळवली जाऊ लागली. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि पुढे येझदी आली. दुधाचे कॅन लादलेली राजदूत तर प्रत्येक गावाने पाहिली आहे. आपल्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे, हे नव्या पिढीला सांगावे लागते. १९८५ च्या सुमारास हिरो होंडा आणि यामाहाच्या हलक्या गाड्या आल्या. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण त्या येझदी अजून काही घरांच्या पडवीत उभ्या आहेत.

या गाड्यांवरून आपण सासरवाडीला गेलो, बी-बियाणे आणले, पोराला परीक्षेला सोडले. निव्वळ मजेसाठी गाडी काढणे म्हणजे पेट्रोलची नासाडी, असे घरचे वडीलधारे म्हणत. आता दिवस बदलले आहेत. हौसेला मोल नसते हे खरे, मात्र पन्नाशीनंतर हौसेला शरीराची संमती घ्यावी लागते.

आमचा रविवारचा रिवाज

आमच्या गटाला घटना नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तकही नाही. पंचवीस-तीस माणसे आहेत. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, किराणा दुकानदार, आयटीआयमधले निदेशक, एक परिचारिका, एक गॅरेजवाले मेस्त्री आणि चार-पाच तरुण मुलेमुली आहेत. सकाळी सहाला पोवई नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर जमायचे, सव्वासहाला निघायचे आणि बाराच्या आत घरी परतायचे, एवढाच नेम.

कधी सज्जनगडावरून ठोसेघर आणि पुढे पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीला जातो. कधी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे, कधी मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वरला, तर कधी वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला. यांतली सगळी ठिकाणे मी मोटारीतून अनेकदा पाहिली होती. पण काच बंद केलेल्या मोटारीत रस्त्याचा वास येत नाही. रस्ता ओढ्याजवळ खाली उतरला की अंगाला एकदम गारवा लागतो आणि चढ लागला की ऊब परत येते. हिवाळ्यात रहिमतपूर-कोरेगावच्या बाजूला गुऱ्हाळाचा वास वळणाआधीच येतो. पहिल्या पावसानंतर घाटातल्या मातीचा वास निराळा आणि भातखाचरांचा निराळा. भाद्रपदात कासच्या वाटेवर तेरडा आणि सोनकी फुललेली असताना सगळी मंडळी आपोआप वेग कमी करतात, कोणाला सांगावे लागत नाही.

गटाचे काही नियम आहेत. सर्वात पुढे रस्ता माहीत असलेला माणूस असतो. त्याच्या लगेच मागे सर्वात हळू चालवणारा, म्हणजे वेग त्याच्या बेताने ठरतो. शेवटी मेस्त्री असतात आणि त्यांच्याजवळ पाने, पंक्चरचे सामान व माझी प्रथमोपचाराची पेटी असते. त्यांना सगळे "शेपूट" म्हणतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. शेपटाच्या मागे कोणी राहायचे नाही. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे आणि एकामागे एक सरळ रेषेत न चालता थोडे डावे-उजवे चालायचे, म्हणजे पुढचा अचानक थांबला तरी मागच्याला जागा मिळते. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवायचे. तो दिसेनासा झाला तर वळणावर थांबायचे. सपाटीवर साठ आणि घाटात तीस, याच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला तरुण पोरांना हे बैलगाडीसारखे वाटले. दोघे सोडून गेले आणि त्यांतला एक परत आला.

या आनंदाचे वैद्यकशास्त्र

मोटरसायकल चालवताना मन मोकळे होते असे सगळेच सांगतात. याचा थोडाफार अभ्यासही झाला आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील प्राध्यापक कावाशिमा यांनी चाळिशी-पन्नाशीतल्या, दहा वर्षांहून अधिक काळ मोटरसायकल न चालवलेल्या पुरुषांचा छोटा गट घेतला. त्यांतल्या काहींना दोन महिने रोजच्या कामासाठी मोटरसायकल वापरायला सांगितली. बुद्धीच्या काही चाचण्यांत हे लोक न चालवणाऱ्यांपेक्षा पुढे गेले. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये आपले निष्कर्ष सांगितले. वीस मिनिटांच्या फेरीने हृदयाचे ठोके सुमारे ११ टक्क्यांनी वाढले आणि ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांच्या खुणा सुमारे २८ टक्क्यांनी उतरल्या. मात्र पहिल्या अभ्यासात यामाहा कंपनीचा सहभाग होता आणि दुसऱ्याचा खर्च हार्ले-डेव्हिडसनने केला होता. आंबेवाल्याला आंबा गोड आहे का म्हणून विचारल्यासारखा हा प्रकार आहे, तेव्हा हे निष्कर्ष थोडे हातचे राखूनच वाचावेत.

माझे स्वतःचे निरीक्षण याहून साधे आहे. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाला दुसरे काही करता येत नाही. फोन घेता येत नाही, टीव्ही दिसत नाही, कालच्या भांडणाची उजळणी करायला सवड नसते. रस्त्यावरची खडी, समोरून येणारा टेम्पो, कुंपणातून डोके काढणारी म्हैस या सगळ्यांकडे लक्ष द्यावे लागते. तासभर असे एकाच गोष्टीत गुंतलेले मन खाली उतरते तेव्हा ताजेतवाने असते.

दुसरी गोष्ट सोबतीची. आपल्याकडचा पुरुष पन्नाशीनंतर हळूहळू एकटा पडतो. बायकांना हळदीकुंकू असते, भजनीमंडळ असते, शेजारणी असतात. पुरुषाचे मित्र नोकरीतले असतात आणि निवृत्तीच्या नारळाबरोबर तेही सुटतात. मग तो वर्तमानपत्र, टीव्ही आणि सुनेच्या स्वयंपाकातल्या चुका यांत दिवस काढतो. झोप लागत नाही, भूक मंदावते, छातीत धडधड होते, ईसीजी मात्र चांगला येतो. असे रुग्ण मी दर आठवड्याला पाहतो. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातही म्हातारपणी प्रकृती चांगली राहण्यात जिव्हाळ्याच्या माणसांचा मोठा वाटा दिसून आला आहे. आमच्या गटातला एखादा गृहस्थ दोन रविवार दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभे असते. ही गोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मोटरसायकल चालवणे हा चालण्याच्या व्यायामाला पर्याय नव्हे. पाठीचे, पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू थोडे कामाला लागतात, तोलही सुधारतो, पण रक्तातली साखर आणि वजन त्याने फारसे उतरत नाही. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालणे चुकवू नये. आणि फेरीच्या शेवटी दोन वाट्या मिसळ, पाव आणि वर कंदी पेढे झाले तर सकाळची सगळी कमाई तिथेच खर्च होते.

शरीराच्या तक्रारी

सर्वात नेहमीची तक्रार म्हणजे हाताला मुंग्या. गाडीच्या कंपनाने आणि हँडल घट्ट धरल्याने मनगटातील मज्जातंतूवर दाब येतो. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असेल तर हा त्रास लवकर होतो. हँडल पाखरू धरल्यासारखे धरावे, जाड हातमोजे घालावेत आणि थांबल्यावर मनगटे फिरवावीत. रात्री मुंग्यांनी झोपमोड होऊ लागली तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी तक्रार कंबरेची. दर तासाने, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरवर, खाली उतरून दहा मिनिटे चालावे. जुन्या बुलेटवाल्यांना किक उलटी बसण्याचा अनुभव असतो. गुडघा किंवा घोटा दुखावून आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. अँपिअरचा काटा पाहून, डीकॉम्प्रेसर दाबून, मगच किक मारावी हे आमचे मेस्त्री प्रत्येकाला शिकवतात. ते ऐकणाऱ्याचा गुडघा वाचतो.

पाणी कमी पिणे ही तिसरी चूक. वाऱ्याने घाम लगेच वाळतो, म्हणून तहान जाणवत नाही. लघवीला थांबावे लागेल म्हणून पुष्कळ जण मुद्दाम पाणी टाळतात. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने लघवी तुंबवून ठेवणे चांगले नाही. लाज न बाळगता थांबायला सांगावे. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. नवी गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस गाडीला हात लावू नये.

कानांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. इतका आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. सायलेन्सर काढून फटफट आवाज करणाऱ्यांनी शेजाऱ्यांची नाही तर निदान स्वतःच्या कानांची दया करावी.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे आहेत, आणि गाडीवर ती कळेपर्यंत उशीर झालेला असतो. निघण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे, थोडे थांबावे आणि मगच निघावे. खिशात साखरेची पुडी असावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्यांना ठाऊक असावे.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. ती गोळी घेऊन गाडी चालवू नये. दुपारी जेवणानंतर आणि पहाटेच्या आधी माणूस नैसर्गिकपणेच पेंगतो, म्हणून या वेळा टाळाव्यात. मोतीबिंदू असेल तर रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवाही नसतो. त्या काळात अंधार पडण्याआधी घर गाठावे हे उत्तम.

हृदयरोग्यांनाही एक शब्द. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच गाडी सुरू करावी. बायपासमध्ये छातीचे हाड कापलेले असते. ते नीट जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर जड गाडी ढकलणे, स्टँडला लावणे, किक मारणे हे सगळे वर्ज्य. ज्यांना फिट येते त्यांनी मोटरसायकल चालवूच नये.

डोक्याची किंमत

"लॉरेन्स ऑफ अरेबिया" हा चित्रपट अनेकांना आठवत असेल. त्यातल्या खऱ्या टी. ई. लॉरेन्सला वेगवान मोटरसायकलींचे वेड होते. मे १९३५ मध्ये इंग्लंडात सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि डोक्याच्या इजेने सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या मोटरसायकलवरून निरोप नेणाऱ्या जवानांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा जवानांना हेल्मेट सक्तीचे केले. आज आपण डोक्यावर घालतो त्या हेल्मेटमागे हा इतिहास आहे.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून असे आढळले आहे की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची सरकारी नोंद ५० हजारांची आहे आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. म्हणजे कोणाची तरी बायको, कोणाची आई, कोणाचा मित्र. पुढच्याने हेल्मेट घालायचे आणि मागे बसलेल्या बाईने पदर सावरायचा, ही आपली पद्धत बदलली पाहिजे. तो पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून आधी नीट खोचून घ्यावी हेही आलेच.

ताशी ६० किलोमीटर वेगाने आपटणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीवरून पडण्यासारखे आहे. वेग ४० असेल तर ही उंची निम्म्याहून कमी होते. "गावातल्या गावात जायचे, हेल्मेट कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

डोक्याला मार लागल्यावरची एक फसवी अवस्था प्रत्येकाला माहीत हवी. माणूस पडतो, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठून बसतो, बोलतो, चहाही मागतो. सगळे म्हणतात, वाचला. कवटीच्या आत मात्र रक्त साचत असते आणि काही तासांत तो पुन्हा बेशुद्ध पडतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, पेंग, बोलण्यात गोंधळ, फिट, एका बाजूची शक्ती जाणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

रस्त्यात अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. जखमीला पाणी पाजू नये, ओढाताण करू नये, मान हलू देऊ नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून पुष्कळ जण पुढे होत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

थांबायचे कधी?

हा सर्वात अवघड प्रश्न आहे. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. वय अडुसष्ट, मधुमेह वीस वर्षांचा, गाडी जुनी बुलेट. तिचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या. गुरुजींनी ती नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घेतली आणि तिच्यावरून शाळेची तपासणी करणाऱ्या साहेबांनाही फिरवले.

एका रविवारी ठोसेघरला चहासाठी थांबलो असताना त्यांच्या डाव्या घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड दिसला. गरम लोखंडाला पाय लागून भाजले होते. गुरुजींना त्याचा पत्ताच नव्हता. "केव्हा लागले कोण जाणे," म्हणून त्यांनी विषय बदलला. मी विचारले, हल्ली पायातली चप्पल निसटली तर कळते का? ते गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासले. पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा काटा ठेवला, तो कळला नाही. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला लावला, तोही नाही. डोळे मिटून अंगठा वर केला की खाली हे सांगता येईना. मधुमेहाने पायाच्या नसा गेल्या होत्या. ज्या पायाला निखारा कळत नाही त्या पायाला ब्रेक किती दाबला हे कसे कळणार? गाडी बंद करावी लागेल असे मी सांगितले.

रुग्णाला साखर सोडा, तंबाखू सोडा हे सांगताना मला काही वाटत नाही. हे सांगताना मात्र जड गेले. गुरुजी म्हणाले, "पत्नी गेल्यावर रविवारचाच एक आधार होता, डॉक्टर." आणि उठून गेले. तीन आठवडे ते फिरकले नाहीत, फोनही उचलला नाही. घरी जाणाऱ्या मंडळींना त्यांच्या मुलीने चहा दिला, गुरुजी आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

चौथ्या रविवारी सहा वाजता ते चालत टपरीवर आले. मेस्त्री काही न बोलता आपल्या गाडीचे मागचे पायदान उघडून उभे राहिले. गुरुजी बसले. त्या दिवशी शेपूट पहिल्यांदाच जोडीने चालले. पुढे त्यांच्या मुलीने बुलेट शिकायला घेतली. उजव्या पायाचा गिअर तिला जमेना, तेव्हा गुरुजींनी तीन महिने रोज संध्याकाळी मैदानावर उभे राहून तिला शिकवले. आता ती चालवते आणि गुरुजी मागे बसून रस्ता सांगतात. पायाला बूट, डोक्याला हेल्मेट आणि रोज रात्री तळपाय आरशात तपासायचा, हे पथ्य ते पाळतात. मध्यंतरी त्यांची साखर पूर्वीपेक्षा चांगली आली.

पायाची जाणीव गेली, नजर दुरुस्त होण्यापलीकडे गेली, हात थरथरू लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, की किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी. घरच्यांनीही नुसती किल्ली लपवून ठेवू नये. गाडी बंद झाली तरी माणसाचा रविवार चालू राहील अशी काही तजवीज आधी करावी.

निघण्यापूर्वी

१. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ प्रमाणपत्र लागते. पंचावन्ननंतर परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. "डॉक्टर, नुसती सही करा" असे म्हणू नये. त्या निमित्ताने नजर, ऐकू येणे, रक्तदाब, साखर आणि पायाची संवेदना खरोखर तपासून घ्यावी.

२. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकीच सैल जागा ठेवावी. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

३. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, जाड पँट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे घालावेत. चपलेवर लांबचा प्रवास करू नये.

४. सायलेन्सरने भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये.

५. खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर नाव, रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे ती आणि घरचा फोन लिहावा.

६. एकटे जाण्यापेक्षा चार जणांबरोबर जावे आणि त्या चारांत सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग सगळ्यांनी मान्य करावा.

एवढे सांभाळता येत असेल तर पन्नाशीत गाडी घ्यायला माझी हरकत नाही. वहिनींनी नाराज होऊ नये. दुसरे हेल्मेट त्यांच्या मापाचे घ्यावे, म्हणजे पुढच्या भाद्रपदात कासची फुले दोघांनाही बघता येतील.